शिंगांची भाषा, शेपटीची भाषा

विल्नियसला जायचे ठरले तेव्हा आमच्या आळीतल्या निदान चौघांनी मला विचारले, "हे कुठे आले हो?" लिथुआनियाची राजधानी, असे सांगितले की दुसरा प्रश्न ठरलेला, "आणि लिथुआनिया?" मग पोलंडच्या वर, लाटवियाच्या खाली, बाल्टिक समुद्राच्या काठाला, असे करीत करीत विचारणाऱ्याला त्या मुलखात नेऊन सोडावे लागे. संस्कृत आणि इंग्रजी हे दोन विषय शाळेत तीस वर्षे शिकवल्यामुळे मला त्या देशाचे नाव मात्र जुने ओळखीचे होते. भाषाशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात संस्कृताचे दूरचे भाऊबंद मोजायला घेतले की लिथुआनियन भाषा पहिल्या पंक्तीला बसलेली असते. आपला 'सूनु' तिथे 'सूनुस', आपला 'धूम' तिथे 'दूमस', आपला 'अग्नि' तिथे 'उग्निस'. एवढ्या पुंजीवर मी निघालो. बाकी निमित्त भाचीचे होते. ती तिथल्या विद्यापीठात शिकते. "मामा, मामीला घेऊन सप्टेंबरात या, थंडी सुरू व्हायच्या आत," असा तिचा हट्ट.

विल्नियस गाव पाहताक्षणी आवडावे असे आहे. लाल कौलांची घरे, चढउताराच्या फरसबंद गल्ल्या, टेकडीवर गेदिमिनासचा बुरूज, खाली नेरिस नदी आणि तिला येऊन मिळणारी चिमुकली विल्निया. जुन्या गावाला १९९४ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. विद्यापीठ १५७९ सालचे. चर्चे इतकी की आमची सौ. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आपल्याकडे पारावर मारुती असतो, तसं दिसतंय." गावाच्या जुन्या तटाची एकच वेस आता उभी आहे. तिच्या माडीवर मेरीमातेचे सोनेरी चित्र आहे आणि खालून जाणारे लोक भर रस्त्यात थबकून हात जोडतात. या वेशीचे नाव 'औश्रोस वार्ताय'. 'औश्रा' म्हणजे पहाट. आपल्या उषेचीच ही सख्खी बहीण. म्हणजे नाव झाले उषेची वेस! भाचीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मामा, वर्षभर रोज इथून जाते, पण हे कुणी सांगितलं नव्हतं." मास्तरकीचे तीस वर्षांचे पैसे त्या क्षणी वसूल झाले.

पण खरी मौज पुढेच होती. विल्निया नदीच्या पलीकडच्या वस्तीला 'उझुपिस' म्हणतात. चित्रकारांची, छांदिष्टांची ही वस्ती. १९९७ च्या एक एप्रिलला त्यांनी थट्टेथट्टेत स्वतःचे प्रजासत्ताक जाहीर केले आणि आपली राज्यघटना भिंतीवर टांगली. ते असो. मला त्या नावाने धरून ठेवले. 'उपे' म्हणजे नदी, 'उझ' म्हणजे पलीकडे. त्याला लागूनच 'पाउपीस', म्हणजे नदीकाठची वस्ती. शब्द तोच, पुढे लागलेला तुकडा वेगळा. मग मला जिथे तिथे हे तुकडे दिसू लागले. दुकानाच्या एका दारावर 'ईएयिमस', दुसऱ्यावर 'इशेयिमस', एक आत जाण्याचे, एक बाहेर पडण्याचे. रस्ता ओलांडण्याची पट्ट्यांची जागा 'पेरेया'. या सर्वांच्या पोटात धातू एकच, 'एइति', म्हणजे जाणे. आपल्या संस्कृतातला 'इ' धातू, ज्याचे 'एति' होते, तो हाच. आणि आपण तरी दुसरे काय केले आहे? 'इ'ला 'उत्' लावला की उदय, 'वि' लावला की व्यय, 'उप' लावला की उपाय, 'अप' लावला की अपाय, 'अनु' लावला की अन्वय. लिथुआनियन लोक भूतकाळाला 'प्राएइतिस' म्हणतात, म्हणजे पुढे निघून गेलेला. त्याच 'प्र'ने आणि त्याच 'इ'ने आपण कोणता शब्द केला? 'प्रेत'. निघून गेलेला! दोन भावांनी एकच वडिलोपार्जित भांडे घेतले; एकाने त्यात इतिहास ठेवला, एकाने अस्थी.

हे सर्व मी भाचीच्या घरमालकिणीला सांगायचा प्रयत्न केला आणि तिथूनच या लेखाचा खरा विषय सुरू होतो.

या बाई सत्तरीच्या. झिरमूनाय भागात, नदीपासून चार पावलांवर, जुन्या सोव्हिएत काळातल्या एका इमारतीत त्यांची तीन खोल्यांची जागा. कापडगिरणीत हिशेबनीस होत्या, आता निवृत्त. यजमान वारले. एकुलता मुलगा इंग्लंडला गेला. त्याच्या खोलीत आता आमची भाची राहते आणि बाईंना 'मोचुते' म्हणते. मोचुते म्हणजे आजी. आम्हीही तेच म्हणू लागलो. बाईंच्या शाळेत दुसरी भाषा रशियन. इंग्रजीचा गंध नाही. पण मी इंग्रजी शिकवीत होतो हे कळताच त्यांनी माझ्याकडे बोट केले आणि म्हणाल्या, "टीचर. ट्यूसडे. कम." मंगळवारी संध्याकाळी त्या ज्या वाचनालयात इंग्रजी शिकायला जात, तिथे मला आणि भाचीला त्या जवळजवळ हाताला धरूनच घेऊन गेल्या.

वर्गात दहाबारा माणसे, निम्मी पन्नाशीच्या पुढची. मास्तर तिशीचा तरुण. सात वर्षे आयर्लंडमध्ये काढून परत आलेला. तो लिथुआनियनमध्ये शिकवी आणि भाची माझ्या कानात भाषांतर करी. त्या दिवशीचा पाठ होता इंग्रजी जोड-क्रियापदांचा. 'गिव्ह अप', 'लुक आफ्टर', 'पुट ऑफ' वगैरे. ज्यांनी लहानपणी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली आहे त्यांना या प्रकरणाची धास्ती सांगायला नको.

मास्तराने फळ्यावर एक गाय काढली. बरी काढली होती. म्हणाला, "ही क्रिया. आपण लिथुआनियन माणसं हिला शिंगं लावतो, पुढून. इंग्रज शेपटी लावतो, मागून. गाय तीच." सगळे हसले. मग त्याने 'पाहणे' हे क्रियापद घेतले, 'झ्यूरेति'. त्याला 'प्रि' हे शिंग लावले की 'प्रिझ्यूरेति', सांभाळणे, देखभाल करणे. इंग्रज इथे 'लुक'ला 'आफ्टर' ही शेपटी लावतो. 'पेरझ्यूरेति', पुन्हा नीट नजर घालणे. इंग्रजीत 'लुक ओव्हर'. 'प्राझ्यूरेति', समोर असून नजरेतून सुटणे.

मला तर राहवेना. मी वहीत आपला 'ईक्ष्' धातू मांडला. ईक्ष् म्हणजे पाहणे. त्यांचा 'पेर' आणि आपला 'परि' एकाच घरचे. मग 'पेरझ्यूरेति' म्हणजे काय? परीक्षा! सहामाहीचे पेपर तपासताना मी तीस वर्षे 'लुक ओव्हर'च करीत होतो. पुढे प्रतीक्षा घ्या, अपेक्षा घ्या. इंग्रज ज्याला 'लुक फॉरवर्ड टु' म्हणतो तो भाव या दोघींनी वाटून घेतला आहे. निरीक्षण आणि समीक्षा 'लुक इन्टु'च्या वाटेवर. उपेक्षा म्हणजे पाहूनही न पाहणे. एका पाहण्याला आपण किती शिंगे लावली आहेत! फक्त मराठीत येईपर्यंत हे शब्द अखंड, तयार होऊन आले, त्यामुळे सांधा दिसेनासा झाला.

मास्तराने मला पुढे बोलावले. मी हे फळ्यावर लिहिले, भाचीने समजावले. वर्गाला मजा वाटली. मग मी आणखी एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगतो. वेदांच्या भाषेत उपसर्ग धातूला चिकटलेला नसतो. मध्ये दोनतीन शब्द टाकून तो लांब उभा राहू शकतो, कधी क्रियापदाच्या मागेही जातो. पाणिनीने आपल्या व्याकरणात या वैदिक सवयीची नोंद घेतली आहे. म्हणजे फार पूर्वी हे तुकडे सुटेच होते. संस्कृताने आणि लिथुआनियनने त्यांना पुढे आणून क्रियापदाला पक्के जडवून टाकले. इंग्रजीत ते मागे राहिले आणि अजून मोकळे आहेत. इतके मोकळे, की 'पिक अप'मधला 'अप' अख्ख्या मुलाला मध्ये घेऊन पलीकडे जाऊन बसतो. 'पिक टॉम अप'. लिथुआनियन माणसाला हे विचित्रच वाटते. शिंग डोक्यापासून वेगळे होऊन तीन हातांवर चालताना त्याने कधी पाहिलेले नाही.

"आणि तुमची मराठी?" मास्तराने विचारले. "शिंगं की शेपटी?" प्रश्न मार्मिक होता. मी म्हटले, आम्ही गाईशेजारी दुसरी गाय बांधतो. इंग्रज 'ईट' आणि 'ईट अप' असा भेद करतो. लिथुआनियन 'वालगीति' आणि 'सुवालगीति'. आम्ही म्हणतो 'खा' आणि 'खाऊन टाक'. 'ड्रिंक अप', 'इशगेरति', 'पिऊन टाक'. घर 'बर्न डाउन' झाले, 'सुदेगे', 'जळून गेले'. काम पुरे झाले, तडीस गेले, हे सांगायची हौस तिघांनाही सारखीच. एकाला त्यासाठी 'अप' लागतो, एकाला 'सु', आम्हाला 'टाकणे' आणि 'जाणे'. 'गिव्ह अप' म्हणजे 'सोडून दे', यात तर आमच्याकडेही 'देणे' आलेच. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला 'दे' म्हणजे देणे हे शिकवल्यावर 'सोडून दे', 'जाऊ दे', 'हसू दे' समजावताना जे होते, तेच मोचुतेंना 'अप'ने होत होते.

मात्र या हिशेबाने सगळा प्रश्न सुटत नाही आणि मास्तराने तसे सांगितलेही. जिथे शेपटीचा अर्थ शेपटीइतकाच आहे, म्हणजे 'गो आउट', 'कम इन', तिथे शिंग आणि शेपूट जुळते. जिथे ती नुसती पुरेपणा दाखवते तिथेही निभावते. पण 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे, 'मेक अप' म्हणजे समेट करणे आणि थाप मारणे आणि तोंडाला रंग लावणेही, इथे व्याकरण हात टेकते. हे त्या त्या घरी राहूनच यायचे.

घरी राहूनच! मला वाटते मर्म इथेच आहे. लिथुआनियन माणसाला 'टॉलरेट' अवघड नाही. त्याच्या भाषेत 'तोलेरुओति' आहेच. आपल्या पदवीधरालाही 'पोस्टपोन' येते, 'इन्व्हेस्टिगेट' येते. लॅटिनच्या घरातून आलेले हे शब्द कचेरीचे, वर्तमानपत्राचे, ग्रंथांचे. ते जगात सगळीकडे पायांत जोडे घालून फिरतात. पण इंग्रज स्वयंपाकघरात जोडे काढतो. तिथे तो 'पुट ऑफ' म्हणतो, 'लुक इन्टु' म्हणतो. आणि मूल? मुलाला तर याशिवाय दुसरे येतच नाही. ते 'वेक अप' होते, 'गेट अप' करते, पडले की 'गेट अप', रडले की 'चीअर अप', मोठे झाले की 'ग्रो अप'. अग्रलेख वाचून समजणाऱ्या माणसाला सहा वर्षांच्या इंग्रज पोराचे बोलणे समजत नाही, ते यामुळे. ज्यांची नातवंडे अमेरिकेत वाढत आहेत अशा आपल्याकडच्या आजी-आजोबांना मी वेगळे सांगायला हवे असे नाही. आमच्या शेजारचे एक सेवानिवृत्त उपसचिव इंग्रजी टिपणे लिहिण्यात नावाजलेले. त्यांची नात दूरध्वनीवर बोलू लागली की ते यंत्र पत्नीच्या हातात देतात.

मोचुतेंचा नातू सहा वर्षांचा. आई इंग्रज. पोराला लिथुआनियन चार शब्द येतात, त्यांतले दोन खाण्याचे. दर रविवारी संध्याकाळी मुलगा व्हिडिओवर बोलतो आणि मग पोराला पुढे बसवतो. या रविवारच्या पंधरा मिनिटांसाठी बाईंचा मंगळवार. वाचनालयातल्या त्या वर्गात असे आणखी तिघे होते. २००४ साली लिथुआनिया युरोपीय संघात गेला, ब्रिटन आणि आयर्लंडने दारे लगेच उघडली आणि तरुण माणसे भराभर निघाली. १९९० साली स्वातंत्र्य परत मिळवले तेव्हा या देशात सुमारे ३७ लाख माणसे होती. आज २९ लाखांच्याही आत आहेत. जन्म घटले हे एक कारण, पण गेलेल्यांची संख्या हे मोठे. एवढ्याशा देशातून इतकी माणसे गेली की जवळजवळ प्रत्येक घरात एक रिकामी खोली आणि एक रविवार असतो.

मोचुतेंची वही मी पाहिली. डाव्या पानावर नातवाचे बोल, कानाला जसे ऐकू आले तसे लिथुआनियन अक्षरांत. उजव्या पानावर कोशातला अर्थ. पोर 'हँग ऑन, ग्रॅनी' म्हणाले आणि पडद्यावरून पळाले. कोशात 'हँग' म्हणजे टांगणे, लटकणे. बाई घाबरून बसून राहिल्या. 'मम पिक्स मी अप'. 'पिक' म्हणजे वेचणे; यांच्याकडे वेचतात ती अळंबी. आणि एकदा पोराने विचारले, "ग्रॅनी, हू लुक्स आफ्टर यू?" बाईंनी एकेक शब्द जुळवला. कोण, पाहते, मागे, तू. तुझ्या मागे कोण पाहते आहे? त्यांनी चटकन मान वळवून मागे पाहिले. पोर खदखदून हसले. त्याला वाटले हा खेळच. तेव्हापासून दर रविवारी तो एकदा तरी विचारी, "हू लुक्स आफ्टर यू?" आणि आजी मागे वळून पाही.

त्या मंगळवारी फळ्यावर 'प्रिझ्यूरेति'समोर 'लुक आफ्टर' लिहिले गेले तेव्हा मी मोचुतेंकडे पाहिले नव्हते. भाचीने पाहिले. ती नंतर म्हणाली, "मामा, त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही." नातू काय विचारीत होता ते त्यांना आता कळले होते. तुझी काळजी कोण घेते, आजी?

त्या घरी आम्ही जवळजवळ महिनाभर होतो. सप्टेंबर म्हणजे तिकडे अळंबीचे दिवस. शनिवारी माणसे टोपल्या घेऊन रानात जातात. भाषेत त्यासाठी एक स्वतंत्र क्रियापदच आहे, 'ग्रीबाउति', म्हणजे अळंबी वेचत हिंडणे. फळे वेचत हिंडण्याचे वेगळे. आणि या क्रियापदाला 'नु' हे शिंग लावून 'नुग्रीबाउति' म्हटले की अर्थ होतो बोलता बोलता भलतीकडे भरकटणे. अळंबी वेचता वेचता जो रानात दिसेनासा झाला तो! किती वक्त्यांच्या सभा या एका शब्दात बसतील.

संध्याकाळी स्वयंपाकघरात म्हणींचा बाजार भरे. आमच्या सौ.ला लिथुआनियन येत नाही, मोचुतेंना मराठी येत नाही, इंग्रजी दोघींचे बेताचे; त्यामुळे गप्पा फार छान रंगत. भाची आणि मी दुभाषी. मोचुते एखाद्याचे सुखवस्तूपण सांगताना म्हणत, "चरबीतल्या मूत्रपिंडासारखा राहतो." आमच्या शाकाहारी सौ.ने तोंड वाकडे केले, पण लगेच म्हणाली, "म्हणजे पाचही बोटं तुपात." स्पष्ट बोलायचे तर 'शब्द कापसात गुंडाळू नका'. वायफळ चर्चा म्हणजे 'रिकाम्यातून गळक्यात ओतणे'. ही मला फार आवडली, आपल्या पालथ्या घड्याची ती शेजारीण आहे. आपल्याला काय त्याचे, असे म्हणायचे तर 'डुकरेही माझी नव्हेत, शेंगाही माझ्या नव्हेत'. कुणाची डुकरे कुणाच्या मळ्यात शिरली तो भांडणाचा अख्खा देखावा डोळ्यांपुढे येतो. इंग्रज एका दगडात दोन पक्षी मारतो, हे एका गोळीत दोन ससे. (आपले 'एका दगडात दोन पक्षी' हे इंग्रजीवरून आले असावे असा माझा जुना संशय आहे.) पाऊस इंग्रजीत मांजर-कुत्र्यांचा, लिथुआनियनमध्ये बादलीने ओतल्यासारखा, आपल्याकडे मुसळधार. मोचुतेंना मांजर-कुत्री अजिबात पटली नाहीत. "पाऊस कधी भुंकतो का?" त्या म्हणाल्या. पोळ्या लाटणाऱ्या हातांनी सौ.ने मुसळ करून दाखवले ते मात्र लगेच पटले.

एके दिवशी त्या काळी राईची पाव कापता कापता म्हणाल्या, "दियेवस दावे दांतिस, दियेवस दुओस दुओनोस." मी उठून उभाच राहिलो. ही म्हण मी पुस्तकांत वाचली होती, पण पाव कापणाऱ्या म्हातारीच्या तोंडून ऐकणे वेगळे. देवाने दात दिले, देव पावही देईल. संस्कृतात शब्दाला शब्द ठेवता येतो: देवः अदात् दतः, देवः दास्यति धानाः. त्यांची 'दुओना' आणि आपल्या 'धाना' एकाच कोठारातल्या. मी हे आवेशाने सांगत होतो तोवर सौ. शांतपणे म्हणाली, "त्यात काय? ज्यानं चोच दिली तो चाराही देईल." क्षणभराने पुढे म्हणाली, "पण आपल्याकडे दुसरंही म्हणतात. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत." भाचीने हे सांगितल्यावर मोचुते इतक्या हसल्या की त्यांना सुरी खाली ठेवावी लागली. मग त्यांनी बोटाने आपल्या कवळीवर टिचकी मारली आणि पावाच्या लादीकडे हात केला.

मधल्या एका दिवशी त्या आम्हाला कौनासला घेऊन गेल्या. आगगाडीने तासाभराहून थोडा अधिक वेळ. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात विल्नियस पोलंडकडे होते तेव्हा राजधानीचा कारभार इथून चाले. गाव सुरेख आहे, पण त्याचे वर्णन इतर प्रवाशांवर सोडतो. मोचुतेंना आम्हाला एकच गोष्ट दाखवायची होती. लष्करी संग्रहालयाच्या बागेत एक पुतळा आहे, पाठीवर ओझे घेतलेल्या, कानोसा घेत चाललेल्या खेडुताचा. युओझास झिकारास या शिल्पकाराचा. हा 'क्निगनेशीस', पुस्तके वाहणारा. १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षे रशियाच्या झारने लॅटिन अक्षरांत लिथुआनियन पुस्तक छापायला बंदी केली होती. लिहायचे तर रशियन लिपीत लिहा, हा हुकूम. लोकांनी ती पुस्तके शिवली नाहीत. सरहद्दीपलीकडे प्रशियात, तिल्सित गावी, प्रार्थनेची पुस्तके, बाराखड्या, पंचांगे छापली जात आणि ही माणसे रात्री गवताच्या गाड्यांतून, अंगरख्यांखालून ती आणीत. सापडले ते सैबेरियात गेले. काही सीमेवरच गोळीला बळी पडले. जगात अफूची, दारूची चोरटी आयात कुठेही होते. बाराखडीची चोरटी आयात करणाऱ्यांचे पुतळे उभारणारा देश मी हा एकच पाहिला.

त्याच काळाचे दुसरे एक शिल्प पेत्रास रिमशा याचे आहे, १९०६ चे. आई चरख्यावर सूत काढते आहे आणि शेजारी मूल पुस्तकात बोट ठेवून वाचते आहे. शाळा बंद, म्हणून आई हीच शाळा. मोचुतेंनी त्याचे चित्र आम्हाला दाखवले. म्हणाल्या, त्यांची पणजी अशीच वाचायला शिकली. मग जरा थांबून त्यांनी जे म्हटले ते भाचीने सावकाश सांगितले: "तेव्हा आजीकडून मुलाकडे जायची भाषा. आता माझ्या घरी ती उलटी निघाली आहे. मी मुलाकडून शिकते. मला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त तो विचारील तेव्हा मला उत्तर द्यायचं आहे."

परतीच्या वाटेवर त्या वही उघडून बसल्या आणि मला 'आफ्टर'बद्दल तीन प्रश्न विचारले. तिन्हींची उत्तरे तिरपी होती, पण त्यांनी लिहून घेतली.

आमचा शेवटचा रविवार. सौ.ने स्वयंपाकघर ताब्यात घेतले होते. आदल्या दिवशी वेचून आणलेली अळंबी, कांदा, आणि पुण्याहून आणलेला गोडा मसाला. मोचुते जेवणाच्या टेबलाशी पडदा लावून बसल्या. केस नीट केलेले, वही बंद. मुलगा बोलला, मग पोर आले. शाळा, दात पडला, कुत्रा हवा आहे, असे बरेच झाले. मोचुते एकेक वाक्य उत्तर देत होत्या. एकदा तर पोर काही दाखवायला पळू लागले तेव्हा त्याच म्हणाल्या, "हँग ऑन, हँग ऑन!" आणि पोर थबकले.

मग त्याने ठरलेला प्रश्न विचारला. "ग्रॅनी, हू लुक्स आफ्टर यू?"

मी आणि भाची दारात उभे होतो. मोचुतेंनी नेहमीसारखी मान वळवून मागे पाहिले. पोर हसले. पण या वेळी त्या तशाच मागे पाहत राहिल्या आणि बोट करून म्हणाल्या, "शी डज."

मागे नऊवारी नसली तरी पाचवारी नेसलेली आमची सौ. हातात उलथने घेऊन उभी. पोराने आनंदाने किंकाळी फोडली, बापाला हाका मारल्या. बाप आला, गोंधळला, हसला. सौ.ने उलथने हलवून नमस्कार केला. ती काय करते आहे, असे पोराने विचारले. मोचुते म्हणाल्या, "ग्रीबाय." पोराने 'ग्रीबाय' म्हणून पाहिले. पुन्हा म्हणून पाहिले. मग विचारले, ते कुठून 'पिक अप' केले?

"नो अप," मोचुते ठामपणे म्हणाल्या. "जस्ट पिक." आणि त्याला 'ग्रीबाउति' हा शब्द सांगू लागल्या. भाजी लागत होती, म्हणून सौ. आत गेली.